गन हाती घेण्याआधी

छत्तीसगडमधल्या अभनपूरच्या चहूकडे धानाची शेती. पाऊस ओसरला की थ्रेशर, ट्रॉल्या, राइस मिलचे एलिवेटर रंगवून घ्यायची एकच घाई उडते. माझं वर्कशॉप याच कामावर चालतं. घरात मराठी, कारागिरांशी छत्तीसगढी आणि रंगाच्या डब्यावरची सूचना बारीक इंग्रजीत. रंग फवारायची स्प्रे गन धरणाऱ्याला ती वाचता येत नाही, म्हणून इतक्या वर्षांत जे कळलं ते इथे लिहितोय.

१. नाकावर भिस्त ठेवू नका.

थिनरचा वास डोकं उठवतो, म्हणून सगळे थिनरला घाबरतात. टू-के पीयू, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन रंगात त्याहून मोठा धोका सोबतच्या छोट्या डब्यात, हार्डनरमध्ये असतो. त्यात आयसोसायनेट असतं. वास जाणवेपर्यंत त्याचं हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला सुटलेला मिथाइल आयसोसायनेट हा याच कुळातला. आपल्या हार्डनरमधलं रसायन तसं भरकन उडून जात नाही, पण गन त्याचे बारीक थेंब करते आणि ते थेट छातीत उतरतात. शरीर एकदा त्याला बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दमा उसळतो.

दुसरीकडून आमच्याकडे आलेला एक रंगारी दिवसभर ठणठणीत असायचा आणि मध्यरात्री खोकत उठून बसायचा. दिवाळीला गावी गेला की बरा. कामाशी या खोकल्याचा संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, कारण काम करताना त्याला काहीच होत नसे. हा दमा असाच, बऱ्याचदा काही तासांनी उठणारा. त्याची गन तर काढून घेतलीच, रंगाच्या शेडमध्येही त्याला पाऊल टाकू देत नाही. आता तो डिलिव्हरीचं बघतो.

२. गमछा हा मास्क नव्हे.

ओला करून बांधला तरी नव्हे. कोरोनापासून घरोघरी एन-९५ आले. ते धूळ आणि थेंब अडवतात, थिनरची वाफ मात्र त्यांतून आरपार जाते. “कुछु नइ होवय, कका,” असं पोरं हसून म्हणतात. मी वाद घालत नाही. पांढरा मास्क लावून काम झालं की तो काढून आतून हुंगायला लावतो.

३. कार्ट्रिजवाल्या मास्कला शिस्त लागते.

तपकिरी पट्ट्याचं कार्ट्रिज सेंद्रिय वाफांसाठी, आणि त्यावर थेंब अडवणारा फिल्टर हवाच. मास्क चढवल्यावर कार्ट्रिजवर तळहात दाबून श्वास आत ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे. कुठून हवा शिरली तर पट्टे पुन्हा ओढायचे. दोन दिवसांची खुंटं वाढली असली तरी तिथून गळती होते, म्हणून आमच्याकडे गनवाल्याने सकाळी दाढी करून यायचं हा नियम आहे. दाढी राखणाऱ्याला मी दुसरं काम देतो. कुणाला राग आला तरी चालेल.

अर्धा मास्क नीट बसला तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा पट साफ, एवढाच त्याचा भरवसा धरतात. उघडं ठेवलेलं कार्ट्रिज टेबलावर पडल्यापडल्या संपत जातं आणि दमट हवेत आणखी लवकर. काम झालं की ते घट्ट बंद पिशवीत जायला हवं.

४. आयसोसायनेटला बाहेरून आणलेली हवाच द्यावी.

कार्ट्रिज संपलं की वास येतो आणि आपण ते बदलतो, हा हिशेब इथे कामाचा नाही. वास वेळेवर येतच नाही तर कळणार कसं? म्हणून अमेरिकेची कामगार-आरोग्य संस्था निऑश आणि ब्रिटनमधली सुरक्षा यंत्रणा, दोन्हीही अशा फवारणीसाठी नळीतून स्वच्छ हवा पुरवणारा हूड किंवा मास्क सांगतात. खर्च मोठा आहे. आम्ही एका सीझनची नवी गन घेणं थांबवून हूड घेतला, आणि मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

मात्र गनच्या कंप्रेसरची नळी सरळ तोंडाला जोडणं हा जीवघेणा प्रकार आहे. तेलावर चालणारा कंप्रेसर तापला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. कंप्रेसरचं हवा ओढण्याचं तोंड जनरेटरच्या धुराड्याकडे असेल तर विचारूच नका, आणि वीज गेली की आपल्याकडे जनरेटर नेमका शेजारीच लागतो. श्वासाच्या हवेत हा वायू दहा लाखांत दहा भागांपलीकडे नको, असा अमेरिकेतला नियम आहे. त्यासाठी वेगळं फिल्टर पॅनेल आणि अलार्म लागतो. हवा आत घेण्याचं तोंड आम्ही शेडच्या मागे, उंचावर नेलं.

५. गन थांबली म्हणजे हवा साफ झाली असं नाही.

हे पडताळायला, लग्नात नाचाच्या वेळी धूर सोडतात ते मशीन आम्ही एकदा भाड्याने आणलं, रंगाच्या खोलीत धूर भरला आणि पंखा लावला. सगळ्यांना वाटलं, पाच मिनिटांत मोकळं होईल. चहा पिऊन परत आलो तरी कोपऱ्यांत धूर रेंगाळत होता, नेमका ट्रॉलीच्या खाली, जिथे पोरगं वाकून खालचा पत्रा तपासतं. रंगाचं धुकं फार विरळ असल्याने डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. तेव्हापासून पूर्ण धूर निघायला लागलेला वेळ दारावर खडूने लिहिलेला असतो. तेवढा वेळ कुणी हूडचा व्हायझर वर करायचा नाही, आणि बिनामास्कच्या हेल्परने आत डोकवायचं नाही.

६. जुना पिवळा रंग घासताना अधिक सांभाळा.

जुन्या मशिनरीवरच्या पिवळ्या-नारिंगी रंगात बहुधा लेड क्रोमेट असतं, म्हणजे शिसं आणि क्रोमियम दोन्ही. शिशाची ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. मशिनरीचा रंग त्यात येत नाही. म्हणून कोरडं घासणं आमच्याकडे बंद आहे. पाणी मारून घासायचं, मास्क लावून. कपडे इथेच बदलायचे, नाहीतर ती धूळ घरच्या लहान पोरांपर्यंत जाते.

७. श्वासाची तपासणी काम सुरू करण्याआधी करून घ्या.

नंतर केली तर तुलना कशाशी करणार? स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोराने फुंकायची साधी तपासणी. मार्च २०२५ पासून अभनपूरहून रायपूरला मेमू ट्रेन सुरू झाली, त्यामुळे तपासणीसाठी जाणं-येणं सोपं झालं आहे. डॉक्टरांना नुसतं “रंगकाम करतो” म्हणू नका. हार्डनरच्या डब्याच्या लेबलचा फोटो मोबाइलवर ठेवा आणि तो दाखवा. कारखान्यांना लागू असलेल्या कायद्यात कळवणं सक्तीचं असलेल्या आजारांच्या यादीत आयसोसायनेटची विषबाधा आहे. आमच्यासारखी दोन-चार माणसांची वर्कशॉप त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे इथे डॉक्टरांना आपण होऊन सांगावं लागतं. खोकला रात्रीच येतो का, सुटीत थांबतो का, हेही त्यांना न विचारता सांगा.