जनपदोद्ध्वंस आणि मृत्युगणना

चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, जनपदोद्ध्वंसाची कारणे म्हणून वायू, उदक, देश व काल या चार भावांची विकृती सांगितली आहे. साथीचे आकडे वाचतानाही देश व काल यांकडे आम्ही वैद्यबंधूंचे लक्ष वेधू इच्छितो.

दि. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्रातील कोविड-मृत्यूंची एकूण संख्या ४,१२८ वरून एकदम ५,५३७ झाली. नेहमीच्या दैनिक नोंदीतील मृत्यू त्यांत केवळ ८१ होते. उरलेले १,३२८ पूर्वीच घडलेले, परंतु पडताळणीनंतर समाविष्ट झालेले होते. पैकी ८६२ एकट्या मुंबईतील. बाधितांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३.७ वरून ४.९ टक्क्यांवर गेले. व्याधीचे बल मात्र एका रात्रीत वाढले नव्हते.

म्हणून मृत्यूचा दिनांक व नोंदीचा दिनांक भिन्न मानावेत. रुग्ण राहतो एका जिल्ह्यात आणि दगावतो दुसऱ्या जिल्ह्यातील रुग्णालयात, तेव्हा गणना कोठे झाली हेही पाहावे. चाचण्या घटल्या तरी बाधितांची संख्या घटते. अशा उताराचे श्रेय एखाद्या काढ्यास देण्याचा मोह होतो (तो केवळ आपल्याच मंडळींना होतो असे नाही). आपल्या रुग्णपत्रकात लक्षणारंभाचा दिनांक व राहते गाव हे रकाने काटेकोरपणे भरलेले असतील, तरच असे दावे पारखता येतील.