जुन्या गाडीची शीळ : आधी ऐका, मग पार्ट बदला

मालेगाव, भिवंडीच्या व्यापाऱ्यांकडे ओम्नी व्हॅन अजून राबते आहे. १९८४ साली ती मारुती व्हॅन म्हणून बाजारात आली, २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर आहे ती जुनीच. अशा गाडीच्या इंजिनातून बारीक, कानात घुसणारा आवाज येऊ लागला की आपले बांधव एक तर 'जुनी गाडी, ओरडणारच' म्हणून सोडून देतात, नाहीतर मिस्त्री म्हणेल तो पार्ट टाकून मोकळे होतात. दोन्हींत खिसा आपलाच फाटतो.

यंत्रमागवाल्यांना तरी हा आवाज ओळखीचा असला पाहिजे. मोटारीचा पट्टा ढिला पडला की पुलीवर घसरतो आणि चालू करताच किंचाळतो. पावसाळी सकाळी जास्तच. ओम्नीच्या इंजिनावरही असाच एक व्ही-पट्टा असतो. गॅरेजवाले त्याला फॅनबेल्ट म्हणतात, जरी या गाडीचा पंखा विजेवर फिरतो. हा पट्टा अल्टरनेटर फिरवतो, त्यावर बॅटरी चार्ज होते. आणि पाण्याचा पंपही तोच फिरवतो. म्हणून आवाज हसण्यावारी नेऊ नये. पट्टा तुटला किंवा पंपाचे बेअरिंग जाम झाले की इंजिनातले पाणी फिरायचे थांबते. गठ्ठे भरून कसारा घाट चढणारी गाडी तेव्हा लगेच तापते, आणि पट्ट्याच्या किमतीचे काम हेड उतरवण्यावर जाते.

पहिला प्रश्न असा की आवाज येतो केव्हा. सकाळी स्टार्ट करताच येतो आणि थोड्या वेळात जातो, हेडलाइट लावले की पुन्हा येतो, तर बहुधा पट्टा घसरतो आहे. स्टार्टरने बॅटरीतून वीज खाल्लेली असते, ती भरताना अल्टरनेटर जड चालतो आणि ढिल्या पट्ट्याला ते ओढवत नाही.

खात्रीसाठी पाण्याची परीक्षा करावी. पुढची सीट उचलून, इंजिन चालू ठेवून, पट्ट्याच्या आतल्या अंगावर लांबून थोडे पाणी उडवावे. आवाज वाढला तर पट्टा ढिला. क्षणभर बंद होऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा पट्टा सुकून कडक झाला आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष पट्ट्यात नाही, पुढे शोधावे. हे करताना कुर्त्याच्या बाह्या वर कराव्यात, खांद्यावरचा रुमाल काढून ठेवावा. पट्टा कापड ओढतो, आणि कापडाबरोबर हातही.

ताण इंजिन बंद करून पाहावा. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यास पट्टा अर्धा ते एक सेंटिमीटर दबावा. त्याहून जास्त दबला तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो बाहेर ओढून कसावा. मात्र सतारीच्या तारेसारखा ताणू नये. आवाज जातो, पण अल्टरनेटर आणि पंप दोघांची बेअरिंगे लवकर मरतात. पट्ट्याच्या कडा चकचकीत झाल्या असतील, भेगा असतील किंवा तेल लागले असेल तर नवाच घ्यावा. साबण किंवा राळ लावण्याची जी पद्धत आहे, तिने दुखणे झाकते, एवढेच.

इंजिनाच्या वेगाबरोबर आवाज चढत असेल आणि पाण्याने बदलत नसेल तर बेअरिंगचा संशय घ्यावा. पट्टा उतरवून दोन्ही पुल्या हाताने फिरवाव्यात. खरखर लागली किंवा पुली डुलली की चोर सापडला. पंपाखाली पाण्याचा ओघळ वा डाग दिसला तर पंपाचे सील गेले असे समजावे आणि लांबचा फेरा त्या गाडीने करू नये. पट्ट्याशिवाय इंजिन अर्धा मिनिट चालवून ऐकावे, त्याहून जास्त नाही, कारण पंप तेव्हा बंद असतो. आवाज तरीही राहिला तर तो टायमिंग बेल्टच्या टेन्शनरचा असू शकतो. तो बेल्ट झाकणाआड असतो, तुटला की इंजिन जागीच बंद पडते. त्याला हात घालणे जाणत्या मिस्त्रीचेच काम.

क्लचची परीक्षा तर फुकटची आहे. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर क्लचचे रिलीज बेअरिंग. दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्स. आणि उभ्या गाडीत शिटी वाजते, इंजिन वरखाली होते, तेव्हा बहुतेक हवा कुठून तरी आत ओढली जात असते. इंजेक्शनच्या किंवा कार्ब्युरेटरच्या गाडीत रबरी नळ्या एकेक करून चिमटाव्यात. जिथे शिटी थांबेल ती नळी बदलावी. काही कारागीर हे शोधायला पेट्रोल शिंपडतात, तसे कोणालाही करू देऊ नये.

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, तो वेळ या कामाला बरा. मिस्त्रीकडे 'गाडी आवाज करते' एवढेच न सांगता केव्हा येतो, कशाने वाढतो ते सांगावे. आमच्या पेठेत एका गाडीला नवा अल्टरनेटर बसला आणि आवाज तसाच राहिला. पुढे पट्टा बदलताच गेला. पार्ट बदलला तर जुना तिथेच मागून घ्यावा आणि त्याची पुली हाताने फिरवून पाहावी.