फाईल कोणाची?

सबमिशनची आदली रात्र म्हणजे काय, हे होस्टेलवाल्यांना सांगायला नको. आमच्या विंगमधल्या एकाने ऐंशी पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट रूमवर मोफतच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये टाईप केला आणि पेन ड्राईव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेला. तिथे सॉफ्टवेअर दुसरंच! टेबलं दोन पानांत तुटली, अनुक्रमणिकेतले पान क्रमांक चुकले. बिचारा रात्री बारापर्यंत स्टूलवर बसून ते सरळ करत होता. सगळ्यांचा सल्ला एकच : "गप सगळे वापरतात तेच वापर की!"

सल्ला सोयीचा आहे. पण सगळे तेच का वापरतात?

कारण समोरचा तेच वापरतो. मायक्रोसॉफ्ट वर्डची जुनी 'डॉक' फाईल बायनरी स्वरूपाची. फेब्रुवारी २००८ मध्ये कंपनीने तिचं सविस्तर वर्णन सर्वांसाठी खुलं केलं. तोवर इतरांना बरंच काही फाईल उलगडून, अंदाजाने शोधावं लागे. म्हणजे मजकूर तुमचा, पण कुलूप दुसऱ्याचं!

पर्याय उभा राहिला तो जर्मनीतून. स्टार डिव्हिजन या कंपनीचं 'स्टारऑफिस' १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला. तेच ओपनऑफिस. २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली, तेव्हा पुढे काय होणार या शंकेने बऱ्याच प्रोग्रामरांनी तोच कोड घेऊन 'लिब्रेऑफिस' सुरू केलं. मालक बदलला तरी काम थांबलं नाही, कारण लायसन्सने ती मुभा दिली होती. 'मोफत' आणि 'मुक्त' यांतला फरक तो हाच.

दुसरी लढाई फॉरमॅटची. ओपनऑफिसच्या फॉरमॅटवर आधारलेला ओडीएफ २००६ मध्ये आयएसओ मानक झाला. मायक्रोसॉफ्टचा ओओएक्सएमएल, म्हणजे आपली 'डॉकएक्स', २००८ मध्ये मानक झाला. भारताने २००७ आणि २००८ या दोन्ही वेळा त्याच्या विरोधात मत दिलं होतं.

आता एक छोटं प्रॅक्टिकल. एखाद्या ओडीटी फाईलची कॉपी करा, तिचं एक्स्टेन्शन झिप करा आणि उघडा. आत 'कंटेंट डॉट एक्सएमएल' दिसेल, त्यात तुमची वाक्यं. डॉकएक्सचंही तसंच, फक्त 'वर्ड' फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल' शोधा. दोन्ही उघडतात! मग रिपोर्ट का बिघडतो? एक मोठं कारण म्हणजे फॉन्ट. तुमचा फॉन्ट त्या मशीनवर नसेल तर दुसरा लागतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळ पुढे सरकते आणि टेबल फुटतं. कॅलिब्रीच्याच मापाचा कार्लिटो हा मुक्त फॉन्ट याचसाठी बनवला आहे.

मुक्त सॉफ्टवेअर सगळीकडे जिंकलं असं मात्र नाही. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला. उलट जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाईन राज्याने २०२४ मध्ये सुमारे तीस हजार सरकारी कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर न्यायचं जाहीर केलं. एक्सेलमधले वर्षानुवर्षांचे मॅक्रो दुसरीकडे जसेच्या तसे चालतीलच असं नाही, हेही खरं.

आणि आपली होस्टेलची गोष्ट? आपल्याला वाटतं, क्रॅक केलेली कॉपी घेतली की कंपनीचं नुकसान. पण पहा, फुकटच मिळालं तर मोफत पर्यायाकडे कोण वळेल? सवय मात्र लागते. उद्या नोकरीत आपण तेच मागणार आणि लायसन्सचे पैसे ऑफिस भरणार. मक्तेदारी आपल्या रूमवरही तयार होते बरं का!

तेव्हा इतकंच करा. छपाईला नेताना पीडीएफ करून न्या, फॉन्ट त्यातच बसतात. जपून ठेवायची मूळ फाईल खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवा. सॉफ्टवेअर कोणतंही वापरा, पण दहा वर्षांनी आपलाच रिपोर्ट उघडायला कोणाची परवानगी लागू नये!