इन्व्हाइट फ्रेंड्स : बटण एक, भानगडी अनेक

सबमिशन संपलं, ओरल झाली, की पुढचे चार दिवस होस्टेलवर काय चालतं हे मी तुम्हाला सांगायला नको. गेल्या वर्षी चौथ्या सेमिस्टरच्या शेवटी आमच्या मजल्यावरही तेच चाललं होतं. गेम असा, की टीमला चार जणं लागतात. आम्ही होतो तिघी. चौथी मिळावी म्हणून मी गेममधलं ‘इन्व्हाइट फ्रेंड्स’ हे बटण दाबलं. गेम म्हणाला, आधी तुमचं सोशल अकाउंट लिंक करा, ५०० कॉइन्स मिळतील. केलं. मग म्हणाला, कॉन्टॅक्ट्स बघू द्या, तुमचे कोणकोणते मित्र खेळतात ते सांगतो. दिले. एकूण वेळ लागला असेल वीस सेकंद.

लगेच यादी आली. त्यात माझी एक अगदी जवळची मैत्रीण निघाली! ती वर्षभर हाच गेम वेगळ्या नावाने खेळत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी आनंदाने तिला ‘ॲड’ केलं, तिनेही हसत हसत ‘ॲक्सेप्ट’ केलं. आठवड्याने तिच्या खऱ्या सोशल अकाउंटवर एका अनोळखी मुलाचा मेसेज आला : ‘हाय कॅप्टन, कॉलेजमध्ये भेटू या का?’

ती आमच्या व्हॉलीबॉल टीमची कॅप्टन आहे. गेममध्ये तिने ना खरं नाव दिलं होतं, ना फोटो, ना कॉलेज. मग त्याला कळलं कसं? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे शिकले, तेच या लेखात मांडत आहे.

धागा कुठून निघाला?

आम्ही दोघींनी बसून एकेक पायरी मागे जात शोधलं. अकाउंट लिंक केल्यावर गेममध्ये माझं टोपणनाव जाऊन माझं खरं नाव आणि फोटो दिसायला लागले होते. तिच्या गेममधल्या फ्रेंड लिस्टमध्ये मी आले, आणि ती लिस्ट तिच्याबरोबर खेळणाऱ्या सगळ्यांना दिसत होती. त्या मुलाने माझं नाव सोशल साइटवर टाकलं. माझं प्रोफाइल उघडंच. त्यात स्पोर्ट्स डेचे फोटो, फोटोंवर सगळ्यांची नावं टॅग केलेली. व्हॉइस चॅटवर ती एकदा सहज बोलून गेली होती की मी टीमची कॅप्टन आहे, प्रॅक्टिसला जायचंय. झालं, दोन अधिक दोन चार.

यात कुणी हॅकिंग केलं नाही, कुणाचा पासवर्ड फुटला नाही. तिने स्वतःभोवती व्यवस्थित भिंत बांधली होती. दार मी उघडलं, आणि तिला न विचारता उघडलं. आपण प्रायव्हसीचा विचार करतो तो नेहमी ‘माझी’ प्रायव्हसी म्हणून. पण इन्व्हाइट करताना आपण जे देतो, ते बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं.

अकाउंट लिंक होतं म्हणजे नक्की काय होतं?

पुष्कळ जणांना वाटतं की ‘गुगलने लॉगिन करा’ किंवा ‘फेसबुकने लॉगिन करा’ म्हटलं की आपला पासवर्ड गेमवाल्याकडे जातो. तसं नाही. यासाठी बहुतेक ठिकाणी ओऑथ नावाची पद्धत वापरतात. तिची २.० ही आवृत्ती २०१२ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली.

आपल्या होस्टेलचा गेटपास आठवा. रेक्टर मॅडम पासवर सही करतात. पासवर लिहिलेलं असतं, कुठे जायचं आणि किती वाजेपर्यंत. वॉचमन तो पास बघून सोडतो. त्यासाठी मॅडमना ऑफिसची किल्ली कुणाच्या हातात द्यावी लागत नाही. ओऑथमध्ये गेम तुम्हाला गुगलच्या पानावर पाठवतो, तुम्ही तिथे हो म्हणता, आणि गुगल गेमला एक टोकन देतं. टोकन म्हणजे गेटपास. पासवर्ड गेमकडे जातच नाही. त्यामुळे ही पद्धत चांगली आहे, तिला घाबरायचं कारण नाही.

प्रश्न असतो तो पासवर काय लिहिलंय याचा. याला स्कोप म्हणतात. फक्त नाव आणि ईमेल? की फ्रेंड लिस्ट, वाढदिवस, फोटो सगळंच? जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ आला तेव्हा आयफोनवर गुगलने लॉगिन करणाऱ्यांच्या लक्षात आलं, की गेमला गुगल अकाउंटचा पूर्ण ॲक्सेस मिळालेला दिसतोय. कंपनीने ही चूक मान्य केली, आपण फक्त प्राथमिक माहितीच वापरली असं सांगितलं आणि दुरुस्ती केली. पण तोवर किती जणांनी न वाचता ‘ॲलाउ’ दाबलं असेल! मीही तेच केलं असतं.

लिंक करण्यात फायदाही आहे, हे मान्य करायला हवं. गेस्ट म्हणून खेळलात आणि फोन बिघडला, तर सगळ्या लेव्हल्स पाण्यात. लिंक केलं तर नव्या फोनवर तिथूनच पुढे सुरू करता येतं. म्हणून लिंक करूच नका असं मी म्हणणार नाही.

मित्राच्या खिशातून घेतलेला डेटा

फेसबुकने मे २००७ मध्ये बाहेरच्या कंपन्यांना आपल्या साइटवर ॲप्स चालवू दिली. २००९ साली तिथे ‘फार्मव्हिल’ आला. शेत नांगरायचं, पीक काढायचं आणि मित्रांना शेजारी म्हणून बोलवायचं. शेजारी नसले तर गेम पुढे सरकायचा तो रडतखडत. म्हणजे मित्र बोलावणं हाच गेमचा एक भाग झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या वर्तमानपत्राने दाखवून दिलं की फेसबुकवरची अनेक लोकप्रिय ॲप्स वापरणाऱ्यांचे यूजर आयडी जाहिरात आणि ट्रॅकिंग करणाऱ्या कंपन्यांकडे जात होते. त्यात फार्मव्हिलही होता, आणि त्याच्याकडून खेळणाऱ्याच्या मित्रांची माहितीही बाहेर जात होती. मित्र बिचारे खेळतही नसतील!

सगळ्यात मोठं प्रकरण मार्च २०१८ मध्ये उघड झालं, ते केंब्रिज ॲनालिटिकाचं. ते ॲप गेम नव्हतं, स्वभाव सांगणारी क्विझ होती. पण तंत्र तेच. सुमारे २,७०,००० लोकांनी ते ॲप घेतलं. त्या काळच्या नियमांप्रमाणे ॲपला त्यांच्या मित्रांचीही माहिती घेता येत होती. फेसबुकने नंतर सांगितलं की ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेलेली असू शकते. भागाकार करून बघा, एकाच्या ‘हो’मागे तीनशेहून जास्त जणं. भारतात ते ॲप फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं, पण माहिती गेलेली असू शकेल अशा भारतीयांचा फेसबुकने दिलेला आकडा होता ५,६२,४५५. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेसबुकला ५०० कोटी डॉलर दंड केला.

फेसबुकने हे दार २०१४ साली बंद करायला घेतलं. नव्या नियमाप्रमाणे गेमला तुमचे तेच मित्र दिसतात जे स्वतः तो गेम खेळतात आणि ज्यांनी तशी परवानगी दिली आहे. शिवाय प्रत्येक ॲपला तुमचा वेगळा आयडी मिळतो, म्हणजे दोन कंपन्यांना याद्या जुळवणं सोपं जात नाही. जुन्या ॲप्सनाही हा नियम ३० एप्रिल २०१५ पासून लागू झाला. सोशल साइटचं दार असं अरुंद झालं. पण आपल्या हातातलं फोनबुक अजूनही आहेच.

‘नंबर आम्ही हॅश करतो’

माझ्या फोनमध्ये सहाशेच्या वर नंबर आहेत. आई, मेसवाल्या काकू, एचओडी सर, शाळेतल्या सिस्टर, रिक्षावाले काका, डॉक्टर. एका क्लिकमध्ये मी हे सगळे गेमच्या सर्व्हरला पोचवले. मेसवाल्या काकूंनी आयुष्यात गेम खेळलेला नाही, पण त्यांचा नंबर आता तिथे आहे.

काही कंपन्या सांगतात, आम्ही नंबर तसाच्या तसा पाठवत नाही, त्याचा हॅश करून पाठवतो. हॅश म्हणजे कुठल्याही माहितीपासून बनवलेली ठराविक लांबीची खूण. खुणेवरून मूळ माहिती उलट काढता येत नाही, असं आपण सिक्युरिटीच्या पेपरात लिहितो. पण जरा हिशेब करू या. आपला मोबाइल नंबर १० आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे सगळे मिळून शक्यता फक्त ४०० कोटी. एकेक नंबर घेऊन हॅश काढायचा आणि जुळवून बघायचा. माणसाला हे जन्मभर पुरेल, पण गेमिंगचं चांगलं ग्राफिक्स कार्ड काही मिनिटांत उरकतं. नंबराबरोबर गुप्त किल्ली मिसळून हॅश केला तर बाहेरच्याला अवघड जातं, पण ती किल्ली ज्या कंपनीकडे आहे तिला काहीच अडचण नाही. तेव्हा ‘हॅश केलाय’ या शब्दावर निर्धास्त राहू नका.

आणि कंपनी प्रामाणिक असली तरी चोरी होऊ शकते. फार्मव्हिल काढणाऱ्या झिंगा कंपनीने सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं की खेळणाऱ्यांच्या अकाउंटची माहिती चोरीला गेली. फुटलेल्या त्या यादीत १७ कोटींहून जास्त ईमेल पत्ते निघाले.

मग करायचं काय?

१. बोलवायचं असेल तर लिंक पाठवा, फोनबुक देऊ नका. लिंक तुम्ही स्वतः मेसेजमधून पाठवली की मित्राचा नंबर गेमकडे जात नाही. खेळायचं की नाही आणि कुठल्या अकाउंटने, हे तो ठरवतो. मात्र लिंकमध्ये तुमची ओळख असू शकते, म्हणून ती मोठ्या ग्रुपवर टाकू नका.

२. कॉन्टॅक्ट्सची परवानगी नाकारा. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, ही परवानगी वेगळी विचारली जाते. नाही म्हटलं तरी बहुतेक गेम चालतात. आयफोनवर २०२४ च्या आयओएस १८ पासून निवडक कॉन्टॅक्ट्सच देता येतात.

३. लिंक करताना गेटपास वाचा. फ्रेंड लिस्टची खूण काढता येत असेल तर काढा. लिंक झाल्यावर गेममधलं प्रोफाइल उघडून बघा, नाव आणि फोटो बदलले आहेत का.

४. गेममधली फ्रेंड लिस्ट आणि तुमचं सोशल प्रोफाइल, दोन्ही अनोळखी लोकांना दिसणार नाही असं करा. फोटोवर दुसऱ्याचं नाव टॅग करण्याआधी त्याला विचारा.

५. गेम काढून टाकणं, लिंक तोडणं आणि अकाउंट डिलीट करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गेम फोनवरून काढला तरी टोकन जिवंत राहू शकतं. ते तोडायला गुगल किंवा फेसबुकच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या ॲप्सच्या यादीतून गेम काढावा लागतो. तरीही आधी घेतलेली माहिती कंपनीकडे राहतेच. त्यासाठी गेममधूनच अकाउंट डिलीट करायची विनंती करावी लागते. ॲपमध्ये अकाउंट उघडता येत असेल तर ते डिलीट करायचीही सोय हवी, असा नियम ॲपलने जून २०२२ पासून केला आहे. गुगल प्लेनेही तसा नियम केला आहे.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्यात कंपन्यांनी संमती कशी घ्यायची ते आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असंही आहे. घरी धाकटी भावंडं असतील तर हे लक्षात ठेवा.

पण याच कायद्यात एक सूट आहे. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली, तर त्याला हा कायदा लागू होत नाही. ते बरोबरच आहे, नाहीतर आईच्या डायरीतल्या नंबरांवरही केस झाली असती! पण याचा अर्थ असा की इन्व्हाइटचं बटण दाबणाऱ्या माझ्यासारखीला विचारणारा कुणी नाही. तिथे कामाला येते ती फक्त आपली समज.

शेवटी

माझ्या मैत्रिणीने त्या मुलाला ब्लॉक केलं, रेक्टर मॅडमना सांगितलं. पुढे काही झालं नाही. पण दोन आठवडे ती प्रॅक्टिसहून एकटी परत आली नाही. गेममधला आयडीही तिने डिलीट केला. वर्षभराची रँक गेली. मी सॉरी म्हटलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘अगं, तू वाईट केलं नाहीस, पण एकदा विचारायचं तरी.’ ५०० कॉइन्स अजून माझ्या खात्यात पडून आहेत. मी ते वापरले नाहीत.

या दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने नव्या नावाने पुन्हा खेळायला सुरुवात केली. परवा रात्री माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, ‘चौथी हवी आहे. तुला लिंक पाठवू का?’ आधी विचारलं, मग पाठवली. इतकं सोपं आहे ते.