पहिल्या चार किलोंची भूल

वजन उतरवायला निघालेल्या माणसाला सगळ्यात जास्त फसवतात ते पहिले दोन आठवडे. काटा असा भराभर खाली येतो, की माणूस हवेतच जातो. शेजाऱ्याला सांगतो, माळ्यावरच्या जुन्या पँटी काढून घालून बघतो, दिवाळीपर्यंत किती उतरेल याचं त्रैराशिक मांडतो. पुढे महिना-दीड महिन्यात काटा हलेनासा झाला, की हाच माणूस सकाळी गजर बंद करून कूस बदलतो. मी हे आधी स्वतःवर अनुभवलं आणि नंतर ओळखीतल्या कितीतरी जणांत पाहिलं. आता कोणी खुशीत येऊन "पंधरा दिवसांत चार किलो गेले" असं सांगितलं, की अभिनंदन करायच्या आधी मला त्याची काळजी वाटते.

आमचं कोल्हापूर तालमींचं गाव. इथे अंगानं भरलेला पोरगा ही घराची शोभा, आणि बारीक असेल त्याच्या आईला चार बायका विचारणार, "पोराला खायला घालतीस न्हवं?" पुढे कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही. मी तर लाल मातीत कधी धड उतरलोही नाही, खुराकाची परंपरा मात्र निष्ठेने चालवली. सकाळी रंकाळ्यावर फिरणं आणि परतताना गंगावेशच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध, मोठा ग्लास भरून. ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा माणूस तासभर बऱ्या वेगाने चालला तर बसून राहण्यापेक्षा दोन-अडीचशे कॅलरी जादा खर्च होतात. पाव लिटर म्हशीच्या दुधात तेवढ्याच असतात, थोड्या जास्तच. म्हणजे चालणं आणि दूध फिट्टंफाट. रविवारी दुधाच्या जागी जादा कट मागून खाल्लेली मिसळ आली, की आम्ही देणेकरी.

पन्नाशीनंतरच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या सरासरीचा आकडा, ६.१ निघाला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. डॉक्टर म्हणाले, "काका, वजन उतरवा." कसं उतरवायचं ते सांगायला त्यांना सवड नव्हती, बाहेर बाकं भरलेली होती.

त्याच सुमारास ओळखीतल्या काही जणांनी मिळून 'वजन घटवा' स्पर्धा काढली. पैसे भरायचे, रोज सकाळी काट्यावर उभं राहून आकड्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आणि तीन महिन्यांनी ज्याचं सर्वांत जास्त उतरेल त्याला जमा झालेली रक्कम. मी भात, भाकरी, चपाती, साखर एका दिवसात बंद केली. लोणचं-पापड गेलं, म्हणजे मीठही कमी झालं. पंधरवड्यात चार किलो गेले. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. घरात मात्र बायको गप्प होती. एका घरात दोन स्वयंपाक करून ती दमली होती आणि माझ्या तोंडी आकड्यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

ते चार किलो म्हणजे काय होतं, हे त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. भात-भाकरी एकदम बंद केली की शरीर आधी हा साठा वापरतं आणि त्याच्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. दीड-दोन किलो तिथेच गेले. मीठ कमी झालं की आणखी पाणी जातं. जेवण घटलं की आतड्यातला ऐवजही घटतो. उरलेल्यात चरबी असते, पण थोडी. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी असतात. रोज पाचशे कॅलरी कमी खाल्ल्या तरी आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपासच जाणार. हा खरा वेग. मी मात्र पहिल्या पंधरवड्याचा वेग खरा धरून बसलो होतो.

मग भाच्याचं लग्न आलं. दुसऱ्या दिवशी मटण, तांबडा-पांढरा, वर भात. सकाळी काटा दीड किलोने वर. दीड किलो चरबी चढायला नेहमीच्या जेवणावर साडेअकरा हजार कॅलरी जादा खाव्या लागतात. आमच्या पंगतीत खाणारे मोठमोठे असले तरी एका बैठकीत हे कोणाला जमायचं नाही. रश्श्यातलं मीठ आणि भातामुळे परतलेलं पाणी, एवढाच तो प्रकार. पण ते कळायला डोकं शांत लागतं, आणि दीडशे जणांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा असताना ते शांत राहत नाही. त्या दिवशी मी फोटो टाकला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी जाहीर चौकशी केली, "काका गायब?" आणि चौथ्या दिवशी मी ग्रुप म्यूट केला, फिरणं बंद केलं, आणि दूध कट्टा पुन्हा सुरू.

ग्रुपमध्ये राहिलेल्यांचं पुढे काय झालं ते ऐका. शेवटच्या वजनाच्या आदल्या रात्री पाणी न पिणं, दोन-दोन दिवस लंघन, जुलाबाचं चूर्ण. एक तरुण घरात चक्कर येऊन पडला. यातल्या कशानेही फारशी चरबी जात नाही, क्षार मात्र जातात, आणि ते हृदयाला महाग पडू शकतं. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास वाढवणं, जेवणाच्या वेळा बदलणं किंवा भाकरी एकदम सोडणं धोक्याचं आहे. साखर अचानक खाली येऊ शकते. हे वाक्य कंटाळवाणं आहे, पण मुद्दाम लिहितोय.

दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा काटा कपाटावर टाकला आणि शिंप्याची टेप काढली. सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून, दर वेळी त्याच जागी पोटाचा घेर मोजायचा, आठवड्यातून एकदा. भारतीय पुरुषांसाठी तो ९० सेंटिमीटरच्या आत हवा आणि बायकांसाठी ८०. आपल्या लोकांत वजनापेक्षा पोटच जास्त बोलतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघंही सडपातळ, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्याला हा फरक कळत नाही.

मला सगळ्यात जास्त धीर दिला तो चेन्नईच्या एका अभ्यासाने. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांना सुमारे तीन वर्षं पाहिलं. निष्कर्ष २००६ मध्ये आले. ज्यांनी आहार आणि चालणं सुधारलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिलं. आणि त्यांच्या वजनात म्हणण्यासारखी घट नव्हती! काट्यावर विश्वास ठेवून त्यातल्या कोणी मधेच सोडलं असतं, तर आत होत असलेला फायदा त्याने स्वतःच्या हाताने घालवला असता. हे वाचल्यापासून मी दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी तपासतो. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून त्या चाचणीत गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब दिसतो. एका लग्नाने ती बिथरत नाही.

वजन करूच नका असं मी म्हणत नाही. करायचं तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, आणि चार आठवड्यांचे आकडे एकत्र बघा. शरीरातलं पाणी रोज किलो-दीड किलोने सहज वरखाली होतं. बायकांमध्ये पाळीच्या आधी तर हमखास. रोज काट्यावर चढून ज्यांना काही वाटत नाही अशी थंड डोक्याची माणसं असतात. मी त्यातला नाही, आणि बहुतेक जण नसतात.

उत्साहाबद्दल माझं मत जरा वेगळं झालंय. तो टिकवायच्या मागे लागू नये. त्याची गरज कमी पडेल अशी घरात सोय करावी. आमच्याकडे ही सोय तेलापासून सुरू झाली. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारात, दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. चौघांच्या घराला महिन्याला हे सव्वातीन किलोच्या आसपास होतं. आम्ही किती आणत होतो ते सांगत नाही. दुकानदाराला माहीत आहे. आता महिन्याचं तेल एकदाच आणायचं आणि संपलं की तळण बंद. यात मला रोज मन मारावं लागत नाही, कारण निर्णय महिन्यातून एकदाच होतो, तोही वाण्याच्या दुकानात, पोट भरलेलं असताना. आणि मुख्य म्हणजे दोन स्वयंपाक बंद झाले. भाकरी पुन्हा आली, ज्वारीची, मोजून. आमटी घट्ट झाली, उसळ वाढली, भात राहिला पण वाटीत आला. जेवण सगळ्यांचं एकच असलं की त्याचं 'डाएट' राहत नाही, आणि जे डाएट नाही ते सोडायचा प्रश्न येत नाही.

जेवायची पद्धत दीक्षितांची बरी की दिवेकरांची, हा वाद आमच्याही पाहुण्यांत रंगतो. दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा, हा एक पक्ष. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, हा दुसरा. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं मी पाहिली आहेत आणि दोन्हीकडे पुन्हा चढलेलीही. आपल्या नोकरीत, आपल्या घराच्या जेवणाच्या वेळांत जे दोन वर्षं चालेल ते धरावं. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याने दर दोन तासांनी डबा कसा उघडायचा, हे ज्याचं त्याने बघावं.

चालण्याच्या जोडीला मी बैठका सुरू केल्या. तालमीच्या गावात राहून हे सुचायला पन्नास वर्षं लागली! गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर टेकून उठायचं, तीही बैठकच. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात गेलेले स्नायू लवकर परत येत नाहीत. बैठका आणि भिंतीवरचे जोर सुरू झाल्यावर काटा बराच काळ जागचा हलला नसणार. टेप मात्र हलत होती. काटा कपाटावर होता म्हणून मी तगलो.

खाडा होतोच. लंडनमध्ये सवयींवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. 'एकवीस दिवसांत सवय' असं छातीठोक सांगणाऱ्यांकडे म्हणून दुर्लक्ष करावं. एक खाडा झाल्यावर "आता सोमवारपासून" म्हणणं हेच घातक. गुरुवारी चुकलं तर शुक्रवारी चालावं. पाऊस असेल तर जिन्यात चालावं. शेजारच्यांना चमत्कारिक वाटतं, वाटू दे.

भूक वाढली म्हणून स्वतःला दोष देऊ नये, हेही सांगतो. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं, की झपाट्याने वजन उतरवलेल्यांच्या शरीरात भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेलीच राहतात. शरीर गेलेलं वजन परत मागत असतं. म्हणून हळू उतरवावं, मधे दोन-तीन महिने आहे तिथे थांबावं, त्या थांबण्याला अपयश म्हणू नये. दिवाळीच्या महिन्यात मी उतरवायचा प्रयत्नच करत नाही. वाढलं नाही तरी पुष्कळ झालं. चकली-लाडू ताटात जेवणाबरोबर घेतो, डबा समोर ठेवून टीव्ही बघत नाही. उपासाला साबुदाणा टाळतो. तो जवळजवळ नुसता स्टार्च, वर दाण्याचं कूट आणि तूप. एकादशीला वरी आणि ताक पुरतं.

आता वजन उतरवायची इंजेक्शनंही आली आहेत. काहींना ती खरंच लागतात, ते तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवावं. पण ती बंद केली की बऱ्याच जणांचं वजन परत येतं, हे सुरू करतानाच विचारून घ्यावं.

सगळ्यात अवघड अडथळा नातेवाइकांचा. पोट आत गेलं की गावाकडचे म्हणतात, "वाळलास की रं. शुगर झाली काय?" आधी मी खुलासे करायचो, हिरमुसायचो, मग आग्रहाखातर ताट भरून घ्यायचो. आता सरळ एचबीएवनसीचा आकडा सांगतो, ५.६, आणि विचारतो, "तुमचं किती?" निम्म्यांना त्यांचं माहीत नसतं. मग बोलणं त्यांच्या तपासणीवर वळतं, आणि वाढणारी पुढच्या पानाकडे जाते.