सॉनात कपडे नकोत, मग मी जाऊ की नको?

प्रश्न : आम्ही जर्मनीत राहतो. ऑफिसातल्या मैत्रिणी मला सॉनाला बोलावतात. तिथे स्त्री-पुरुष एकत्र, कपड्यांशिवाय बसतात. सिझेरियननंतर माझं पोट सुटलंय, आरशातही बघवत नाही. नाही म्हटलं तर मी मागासलेली ठरेन का?

उत्तर : अजिबात नाही. संकोच वाटणे हा दोष नव्हे. जर्मनीत ही रीत जुनी आहे. पोहण्याचा पोशाख सॉनात अस्वच्छ मानतात, म्हणून तो न घालता अंगाखाली टॉवेल अंथरून बसायचे असते. कुणाकडे टक लावून पाहणे असभ्य समजतात. आपल्याकडेही र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून नग्नतेच्या लाजेला उघड आव्हान दिले होते.

मला काळजी वाटते ती तुमच्या आरशाबद्दलच्या वाक्याची. मानसशास्त्रज्ञ कीऑन वेस्ट यांच्या २०१७च्या ब्रिटनमधील अभ्यासात, विवस्त्र वावराच्या उपक्रमांत अधिक सहभागी होणाऱ्यांमध्ये स्वतःच्या शरीराबद्दलचे समाधानही अधिक आढळले. मला हे पटते. तिथे जाहिरातीतली नव्हे, खरी शरीरे दिसतात : व्रण, सुरकुत्या, बाळंतपणानंतरची पोटे. दुसऱ्यांची अशी शरीरे सहज स्वीकारता आली, की स्वतःवरचा कठोरपणाही सैल होऊ लागतो.

मात्र जायचे ते मैत्रिणींच्या भिडेखातर नव्हे. अनेक सॉनांत ठरावीक दिवस फक्त स्त्रियांसाठी असतो, त्याची चौकशी करा. मोठा टॉवेल गुंडाळून बसा आणि नको वाटले तर सरळ उठून या. आरसा मात्र असाच नकोसा होत राहिला, तर समुपदेशकाशी जरूर बोला. त्यात उशीर करू नका.