वेष्टनावरील क्रमांक आणि आपली जबाबदारी



काही वर्षांपूर्वी फलटण येथे जुम्याच्या नमाजनंतर एका बांधवाने मला मोबाईलवरील संदेश दाखविला. '471' हा क्रमांक असलेली प्रत्येक वस्तू डुकराच्या चरबीपासून बनते, असे त्यात ठामपणे लिहिले होते. अधिक चौकशी न करता मी म्हणालो, "मग घेऊ नका." आठवडाभरात मोहल्ल्यातील एका लहान दुकानदाराकडे बिस्किटांचे पुडे परत येऊ लागले. त्या पुड्यांवर हिरवे चिन्ह होते. ते पाहण्याची तसदी मी घेतली नव्हती. पुढच्या जुम्यास मी आपली चूक सर्वांसमोर कबूल केली.

पवित्र कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये (49:6) आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे, तो यासाठीच की अजाणतेपणी कोणाचे नुकसान होऊन पश्चात्तापाची पाळी येऊ नये.

आता या क्रमांकांचा अर्थ समजून घेऊ. अन्नात मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांना आंतरराष्ट्रीय क्रमांक दिलेले आहेत. युरोपात त्यांच्यापुढे 'ई' हे अक्षर लावतात, तर आपल्याकडे 'आयएनएस' किंवा नुसता क्रमांक छापतात. हा क्रमांक पदार्थ कोणता हे सांगतो. तो कशापासून काढला हे नेहमीच सांगत नाही. 471 म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा स्निग्ध घटक. तो पाम किंवा सोयाबीनच्या तेलापासून बनतो, तसाच प्राण्यांच्या चरबीपासूनही बनू शकतो. चव वाढविणाऱ्या 631 चेही असेच आहे. 120 मात्र कीटकांपासून मिळणारा लाल रंग आहे. आपल्याकडील बहुतेक उलमा तो निषिद्ध मानतात.

मग उगम ओळखावा कसा? प्रथम चिन्ह पाहावे. चौकटीतील हिरवा ठिपका असेल तर 471 किंवा 631 प्राणिजन्य नसल्याची ती निर्मात्याची कायदेशीर ग्वाही असते. तपकिरी त्रिकोण असेल तर त्यात मांस, मासे, अंडी किंवा अन्य प्राणिजन्य घटक आहे. केवळ अंडे असले तरी हे चिन्ह येते, म्हणून ते पाहताच वस्तू हराम ठरवू नये. घटकांची यादी वाचावी. उलट, हिरवे चिन्ह मद्यार्काविषयी काहीच सांगत नाही आणि तपकिरी चिन्ह जबीहाविषयी मौन बाळगते. तेथे निर्मात्याकडे लेखी विचारणा करावी किंवा विश्वासार्ह हलाल प्रमाणपत्र पाहावे.

ही चिंता केवळ आपलीच नाही. शाकाहारी शेजाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो. डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला की, घटक वनस्पतिजन्य, प्राणिजन्य की प्रयोगशाळेत बनविलेला, हे नुसत्या क्रमांकाने न भागविता स्पष्ट लिहावे.

आदरणीय प्रेषितांनी (स.) शिकविले आहे की, हलाल स्पष्ट आहे, हरामही स्पष्ट आहे आणि त्यांच्यामधील संशयास्पद गोष्टींपासून जो दूर राहतो, तो आपला धर्म व अब्रू जपतो. म्हणून चौकशी करूनही संशय फिटला नाही, तर स्वतः ती वस्तू टाळावी. परंतु पुराव्याविना ती इतरांसाठी हराम ठरवू नये. अल्लाहने हलाल केलेले हराम ठरविणे हाही गुन्हाच आहे.

आज घरातील एक पुडा मुलांसोबत वाचून पाहा. अल्लाह आपणा सर्वांना शुद्ध अन्न आणि सत्य बोलणारी जीभ देवो. आमीन.